विश्लेषण : स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेतले, पण सवयींचे काय? होल्स्टर, तिजोरी आणि सराव का महत्त्वाचे?

अभिनेते गोविंदा १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होते. जुहू येथील घरी परवानाधारक रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि सुटलेली गोळी त्यांच्याच पायात घुसली. शस्त्रक्रिया करून गोळी काढण्यात आली आणि जिवावरचे संकट टळले. या घटनेत हल्लेखोर नव्हता आणि शस्त्रही बेकायदा नव्हते. होते ते फक्त भरलेले शस्त्र आणि सकाळची घाई. स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणाऱ्यांचे बरेचसे लक्ष परवाना, कंपनी आणि किंमत यांवर असते. शस्त्र कशात ठेवायचे, कसे हाताळायचे आणि किती सराव करायचा, हे प्रश्न मागे राहतात. ते महत्त्वाचे का आहेत, याविषयी...

परवान्याच्या शस्त्रांची चर्चा का?

महाराष्ट्रात २०२४ हे वर्ष परवानाधारक शस्त्रांमुळे वारंवार चर्चेत राहिले. फेब्रुवारीत उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात तत्कालीन आमदार गणपत गायकवाड यांनी राजकीय प्रतिस्पर्ध्यावर गोळीबार केल्याचा आरोप झाला. त्याच महिन्यात माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची समाजमाध्यमावरील थेट प्रक्षेपणादरम्यान हत्या झाली. हल्लेखोराने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या नावावरील परवान्याचे असल्याचे तपासात समोर आले. जुलैत पुणे जिल्ह्यातील मुळशी येथे जमिनीच्या वादात शेतकऱ्यांवर पिस्तूल रोखल्याची चित्रफीत पसरली. डिसेंबरमध्ये बीड जिल्ह्यातील सरपंच संतोष देशमुख यांच्या हत्येनंतर त्या एका जिल्ह्यात हजाराहून अधिक शस्त्र परवाने असल्याचे उघड झाले आणि प्रशासनाने फेरतपासणी करून अनेक परवाने रद्द केले.

या घटना एका जातीच्या नाहीत. काहींत गुन्ह्याचा आरोप आहे, एकीत धाकदपटशाचा, तर एकीत निव्वळ अपघात. मात्र प्रत्येक वेळी प्रश्न तोच येतो : शस्त्र कोणाच्या हाती होते, ते कुठे ठेवलेले होते आणि ते हाताळण्याची शिस्त कितपत होती?

परवाना कोण देतो आणि त्यावर कोणते शस्त्र मिळते?

शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवाना दिला जातो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त आणि इतरत्र जिल्हाधिकारी हे परवाना प्राधिकारी असतात. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि जिवाला धोका असल्याचे समाधानकारक कारण लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात (पूर्वी तीन) आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षांची झाली आहे. शस्त्र बाळगणे हा भारतात मूलभूत अधिकार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रकरणात अमेरिकेशी तुलना करताना हा फरक अधोरेखित केला होता.

लष्कर आणि पोलीस वापरतात ती ९ मिमी काडतुसे डागणारी पिस्तुले सर्वसाधारण नागरिकाला परवान्यावर मिळत नाहीत. त्यामुळे बहुतेकांकडे ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असते. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर महिलांना डोळ्यांसमोर ठेवून तयार केल्याचे सांगण्यात आले होते. त्याची किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे कानपूरच्याच सरकारी कंपनीने २०२३ मध्ये ‘प्रबल’ हे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. इतका खर्च शस्त्रावर झाला की होल्स्टर, तिजोरी आणि सराव या गोष्टी ‘नंतर बघू’ या यादीत जातात.

प्रशिक्षण बंधनकारक आहे का?

होय. २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी शस्त्र सुरक्षेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र आवश्यक केले आहे. शस्त्र सुरक्षित हाताळणे, गोळी झाडण्याचे तंत्र, निगा, साठवण आणि वाहतूक असे विषय त्यात अपेक्षित आहेत. कागदावर ही तरतूद चांगली आहे. अडचण पुढे आहे. प्रमाणपत्र एकदा मिळते आणि हाताची सवय मात्र काही आठवड्यांत विसरते. दर महिन्याला अमुक इतका सराव झालाच पाहिजे, असे बंधन परवान्यावर नसते.

त्यात काडतुसांची मर्यादा आहे. एका वेळी किती आणि वर्षभरात किती काडतुसे घेता येतील, हे परवान्यावर लिहिलेले असते. काडतुसे महाग असल्याने लोक ती ‘वेळप्रसंगासाठी’ जपून ठेवतात. नागरिकांना परवान्याच्या शस्त्राने सराव करता येईल अशा रेंजही मोजक्याच शहरांत आहेत. परिणामी अनेक परवानाधारकांनी आपल्या शस्त्रातून वर्षानुवर्षे एकही गोळी झाडलेली नसते. शस्त्र बिघडले आहे की चालते, हेही त्यांना ठाऊक नसते.

होल्स्टर ही चैन की गरज?

होल्स्टर म्हणजे कमरेला लावायचे म्यान. भारतात ही केवळ सोयीची वस्तू नाही. सार्वजनिक ठिकाणी हँडगन नेताना ती होल्स्टरमध्ये किंवा त्यासाठीच्या पिशवीत, पूर्ण झाकलेली आणि बाळगणाऱ्याच्या नियंत्रणात असावी, असे २०१६ चे नियम सांगतात. शस्त्र मिरवणे किंवा रोखून दाखवणे हे परवाना रद्द होण्यास पुरेसे कारण ठरू शकते. तरीही पँटच्या खिशात, कमरपट्ट्यात नुसते खोचून, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये किंवा पर्समध्ये किल्ल्या-मोबाइलसोबत पिस्तूल ठेवणारे कमी नाहीत.

होल्स्टर निवडताना चार गोष्टी पाहाव्या लागतात. पहिली, ट्रिगर म्हणजे चाप पूर्णपणे झाकला गेला पाहिजे, बाहेरून कशाचाही दाब त्यावर पडता कामा नये. दुसरी, होल्स्टर त्याच मॉडेलसाठी बनवलेले असावे. ‘सगळ्यांना बसणारे’ कापडी म्यान शस्त्र घट्ट धरत नाही. तिसरी, शस्त्र बाहेर काढल्यावरही त्याचे तोंड उघडे राहिले पाहिजे. मऊ म्यान आत दबले, की शस्त्र परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते उघडावे लागते आणि तो हात नळीसमोर येतो. चौथी, धावताना किंवा वाकताना शस्त्र निसटू नये इतकी पकड हवी, आणि हे सगळे पेलणारा जाड पट्टाही हवा.

शस्त्र परत म्यानात ठेवण्याचा क्षण विशेष जोखमीचा असतो. शर्टाचे टोक, जॅकेटची दोरी किंवा स्वतःचे बोट ट्रिगरपाशी अडकते आणि गोळी मांडीत जाते. म्हणून प्रशिक्षक सांगतात की शस्त्र काढताना वेग चालेल, ठेवताना कधीच घाई नको. ठेवताना म्यानाकडे पाहावे आणि बोट ट्रिगरपासून दूर, चौकटीवर सरळ ठेवावे.

कोकणात आणि मुंबईत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चामडे ओल धरते. पावसाळ्यात शस्त्र महिनोन्महिने चामडी म्यानात ठेवले तर गंज चढतो. म्यान हे बाळगण्यासाठी असते, साठवण्यासाठी नाही.

घरात शस्त्र कुठे ठेवायचे?

उशीखाली, कपड्यांच्या घडीत, देवघराच्या मागे, कपाटाच्या वरच्या फळीवर... घरोघरी ठरलेल्या या जागा मुलांनाही ठाऊक असतात. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वर्षे वयोगटातील मृत्यूंचे सर्वांत मोठे कारण बंदुका हे ठरले आहे. त्यात खून आणि आत्महत्यांचा वाटा मोठा असला, तरी घरातील उघडे शस्त्र हा त्यांच्यातला समान दुवा अनेकदा आढळतो. घरात नैराश्याने ग्रासलेली व्यक्ती असेल, किशोरवयीन मुलगा असेल किंवा दारूच्या नशेत भांडणे होत असतील, तर कुलूप ही पहिली गरज ठरते.

भिंतीला किंवा कपाटाच्या तळाला बोल्टने पक्की केलेली छोटी तिजोरी हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय. सुटी पेटी चोर शस्त्रासकट उचलून नेतो. काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली किंवा आकडा परवानाधारकाकडेच असावा. नोकर, चालक किंवा अंगरक्षकासोबत तो वाटून घेऊ नये. परवाना नसलेल्याच्या हाती शस्त्र देणे हा कायद्याने गुन्हा आहे. घोसाळकर प्रकरणाने या मुद्द्याचे गांभीर्य दाखवून दिले. ट्रिगरवर बसवायचे छोटे कुलूपही मिळते, पण ते भरलेल्या शस्त्रावर कधीच बसवू नये. कुलूप लावतानाच चाप दाबला जाण्याचा धोका असतो. शस्त्र हरवले किंवा चोरीला गेले तर लगेच जवळच्या पोलीस ठाण्यात कळवणे बंधनकारक आहे.

शस्त्र कुलपात ठेवले तर ऐन वेळी हाती कसे येणार, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याचे उत्तर दारात आहे. मजबूत कडी, साखळी, जिन्यातला दिवा, भुंकणारा कुत्रा आणि ११२ क्रमांकावर फोन या गोष्टी जी दोन-तीन मिनिटे मिळवून देतात, त्यात तिजोरी उघडता येते. पहिल्या पाच सेकंदांत झोपेतून उठून भरलेले पिस्तूल उचलणारा माणूस अंधारात कोणावर नेम धरतो आहे, हेच त्याला कळत नसते.

टॉर्च, लेझर, रेड डॉट : काय घ्यावे, काय टाळावे?

अमेरिकेत हँडगनला जोडायच्या वस्तूंची मोठी बाजारपेठ आहे आणि तिचे व्हिडीओ भारतीय मोबाइलवरही पोहोचतात. नळीखाली बसणारा टॉर्च, लाल ठिपका दाखवणारी ‘रेड डॉट’ दुर्बीण, लेझर, मोठी मॅगझिन, हलका केलेला ट्रिगर यांचा त्यात भरणा असतो. या प्रत्येक वस्तूबाबत एकच प्रश्न विचारायला हवा : तिच्यामुळे कोणती चूक टळते आणि कोणती नवी चूक शक्य होते?

उजेडाची गरज खरी आहे, कारण अंधारात समोर चोर आहे की उशिरा घरी आलेला मुलगा, हे ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. पण शस्त्रावर बसवलेल्या टॉर्चने शोध घ्यायचा म्हणजे जिकडे पाहायचे तिकडे नळी रोखायची. म्हणून हातात धरायचा वेगळा, चांगल्या प्रकाशाचा टॉर्च सामान्य माणसाला अधिक उपयोगी. जुन्या धाटणीच्या ०.३२ पिस्तुलांवर टॉर्च बसवण्याची पट्टी नसते आणि रिव्हॉल्व्हरवर तर बहुधा नसतेच. लेझरचा ठिपका नेम दाखवतो, पण ट्रिगर झटक्याने ओढण्याची खोड त्याने जात नाही. रेड डॉट चांगले साधन आहे, मात्र ते डोळ्यासमोर चटकन आणण्यासाठी शेकडो वेळा सराव लागतो आणि बॅटरी संपली की मूळ नेमपट्टीवर यावे लागते. हलका ट्रिगर स्पर्धेत गुण वाढवतो. घाबरलेल्या हातात मात्र तोच अपघाताला आमंत्रण देतो.

फारशी जाहिरात न होणाऱ्या, पण खरोखर लागणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी आहे. कानाचे संरक्षक, कारण पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलच्या पुढे जातो आणि कानाची हानी कायमची असते. डोळ्यांसाठी चष्मा. नळी साफ करायची सळई, ब्रश आणि तेल. सरावासाठी बारूद नसलेली डमी काडतुसे. या सगळ्यांची किंमत शस्त्राच्या किमतीपुढे नगण्य असते.

कोणते बदल कायद्याच्या कचाट्यात सापडतात?

येथे परदेशी व्हिडीओ पाहून चालणार नाही. भारतीय कायद्यात शस्त्राचा सुटा भाग हाही शस्त्राच्याच व्याख्येत येतो. गोळीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारे सायलेन्सरसारखे उपकरणही अग्निशस्त्राच्या व्याख्येत धरले आहे आणि सामान्य नागरिकाला ते बाळगता येत नाही. शस्त्राची दुरुस्ती, रूपांतर किंवा चाचणी करण्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. त्यामुळे ओळखीच्या लेथवाल्याकडून किंवा घरच्या घरी ट्रिगर घासून घेणे, नळीत फेरफार करणे हा गुन्हा ठरू शकतो. परदेशी संकेतस्थळावरून बॅरल किंवा तत्सम भाग मागवणे म्हणजे परवान्याशिवाय शस्त्र आयात करणे. काम परवानाधारक विक्रेत्याकडेच द्यावे आणि त्याची पावती जपावी, हा सुरक्षित मार्ग.

‘रिकामे आहे’ म्हणून अपघात कसे होतात?

अमेरिकी मरीन कोअरमधील निवृत्त अधिकारी जेफ कूपर यांनी १९७६ मध्ये ॲरिझोनात हँडगन प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. त्यांनी रूढ केलेले चार नियम आज जगभर शिकवले जातात. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा. ज्याचा नाश करायचा नाही, त्याच्याकडे नळी वळवू नका. नेम लागेपर्यंत बोट ट्रिगरवर नेऊ नका. लक्ष्य कोणते आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री करा. या नियमांचे सौंदर्य असे, की एक मोडला तरी दुसरा वाचवतो. गोळी चुकून सुटली, पण नळी सुरक्षित दिशेला असेल तर भिंतीला भोक पडते, माणूस वाचतो.

बहुतेक अपघात ‘रिकामे’ समजलेल्या शस्त्राने होतात. पिस्तुलात सर्वांत नेहमीची चूक म्हणजे क्रम चुकणे. आधी मॅगझिन काढायची, मग स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामे करायचे, मग डोळ्याने पाहायचे आणि बोटाने चाचपायचे. मॅगझिन काढली म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, असे समजणाऱ्याच्या चेंबरमध्ये एक गोळी तशीच असते. उलट क्रमाने केले तर स्लाइड मागे जाताना पहिली गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधून दुसरी आत शिरते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर उघडून सगळी घरे मोजायची.

काही जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोडा आणि काडतूस यांच्यामध्ये आडवी येणारी सुरक्षा पट्टी नसते. अशा शस्त्रात घोडा थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेला असतो आणि ते पडले, घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. म्हणूनच घोड्याखालचे एक घर रिकामे ठेवण्याची जुनी पद्धत आहे. आपल्या शस्त्रात ही पट्टी आहे की नाही, हे विक्रेत्याकडून तपासून घ्यावे. शस्त्र हातातून निसटलेच तर झेलण्याचा प्रयत्न करू नये. झेलताना बोट ट्रिगरवर जाते. पडू द्यावे, हे ऐकायला सोपे असले तरी हाताला तसे मुद्दाम शिकवावे लागते. आणि कपाटात ठेवायचे शस्त्र आधी रिकामे करायचे, हा नियम प्रवासाच्या घाईतही मोडायचा नाही.

सराव कसा आणि किती?

काडतुसे कमी असली तरी सराव थांबत नाही. ‘ड्राय प्रॅक्टिस’ म्हणजे कोरडा सराव. रिकाम्या शस्त्राने नेम धरणे, ट्रिगर सरळ मागे ओढणे आणि नेमपट्टी हलते का हे पाहणे. आठवड्यातून तीनदा दहा-दहा मिनिटे एवढाही पुरतो. त्याची शिस्त मात्र कडक हवी. सर्व काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवायची. शस्त्र दोनदा तपासायचे. नळी अशा भिंतीकडे धरायची, जिच्या पलीकडे माणूस नाही आणि जी गोळी अडवेल. सराव संपला की ‘संपला’ असे मोठ्याने म्हणायचे आणि शस्त्र कुलपात ठेवायचे. शस्त्र पुन्हा भरल्यानंतर ‘आणखी एकदा करून बघू’ म्हणणे, ही या सरावातली सर्वांत धोकादायक चूक. ०.२२ बोअरच्या शस्त्रात डमी काडतूस घातल्याशिवाय ट्रिगर ओढू नये, नाही तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते.

प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव रेंजवर, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा. सुरुवात तीन ते पाच मीटरवरून, सावकाश, मोजक्या गोळ्यांनी. वेग नंतर येतो. ट्रिगर ओढूनही गोळी सुटली नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबायचे, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. जुनी, ओल लागलेली काडतुसे स्वसंरक्षणासाठी राखून ठेवण्यात अर्थ नाही, ती रेंजवर वापरून नवी घ्यावीत. सरावानंतर हात साबणाने धुवायचे, कारण शिशाचे कण हातावर राहतात.

महाराष्ट्राला नेमबाजीची मोठी परंपरा आहे. अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, २५ मीटर पिस्तूलमध्ये २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणारी राही सरनोबत आणि पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवणारा स्वप्निल कुसाळे ही त्यातली नावे. खेळातील नेमबाजी आणि स्वसंरक्षण यांत फरक आहे, पण रेंजवरची एक सवय घरी आणण्याजोगी आहे. नेमबाज शस्त्र खाली ठेवताना चेंबरमध्ये रंगीत पट्टी घालतो. शस्त्र रिकामे आहे, हे खोलीतल्या प्रत्येकाला दिसते. कोणाच्या शब्दावर विसंबावे लागत नाही.

सरावाशिवाय ऐन वेळी नेम लागतो का?

चित्रपटात लागतो. प्रत्यक्षात प्रशिक्षित पोलिसांचाही क्वचित लागतो. न्यूयॉर्क पोलिसांविषयी रँड संस्थेने २००८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार १९९८ ते २००६ या काळात समोरून गोळीबार होत असताना पोलिसांच्या १०० पैकी सरासरी १८ गोळ्या लक्ष्यावर लागल्या. समोरून गोळीबार नसतानाही हे प्रमाण ३० च्या आसपास होते. उरलेल्या गोळ्या कुठेतरी जातातच. दादर किंवा पिंपरीच्या गल्लीत त्या कोणाच्या खिडकीत जातील, याचा विचार ट्रिगर ओढण्यापूर्वी करावा लागतो.

अंतराचे गणितही कठीण आहे. सॉल्ट लेक सिटीतील पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की चाकू घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. म्यानातून शस्त्र काढून गोळी झाडायला सरावलेल्या पोलिसालाही तेवढाच वेळ लागतो. सराव नसलेल्याला शस्त्र काढेपर्यंत हल्लेखोर अंगावर आलेला असतो आणि शस्त्र हिसकावून घेतले जाण्याचीच शक्यता वाढते.

कायदा गोळी झाडायला केव्हा मुभा देतो?

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला आग लावणे अशा मोजक्या प्रसंगांतच तो तितका विस्तारतो. बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांकडे जाण्यास वेळ असेल तर हा हक्क उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात याची दहा तत्त्वे मांडली. धोका स्वतः ओढवून घेतलेला नसावा. भीती वाजवी असणे पुरेसे आहे. भीती सुरू होते तेव्हा हक्क सुरू होतो आणि ती संपली की संपतो. संकटात सापडलेल्या माणसाकडून तराजूने तोलून प्रतिकार करण्याची अपेक्षा नाही, पण बळाचा वापर प्रमाणाबाहेर नसावा. याचा व्यवहारातला अर्थ असा : पळून जाणाऱ्या चोराच्या पाठीत गोळी घालणे, पार्किंगच्या वादात पिस्तूल रोखणे किंवा ‘घाबरवण्यासाठी’ हवेत गोळी झाडणे हे स्वसंरक्षण नाही. लग्न-मिरवणुकीतील गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली आहे. हातून शस्त्र निसटून दुसऱ्याला इजा झाली, तर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो.

म्हणून सरावात ‘गोळी न झाडण्याचा’ सरावही हवा. ओरडून इशारा देणे, मागे सरणे, आडोसा घेणे, ११२ वर फोन करून पत्ता सांगणे. घटना घडलीच तर जखमीला मदत मिळवून देणे, शस्त्र सुरक्षित करणे आणि पोलिसांच्या स्वाधीन करणे.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी चित्र वेगळे कसे?

अमेरिकेत शस्त्र बाळगण्याचा हक्क घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीत आहे. ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’च्या २०१८ च्या अंदाजानुसार तेथे दर १०० लोकांमागे १२० बंदुका नागरिकांकडे होत्या; भारतात हे प्रमाण, बेकायदा शस्त्रे धरूनही, सुमारे ५ होते. २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर घराबाहेर हँडगन बाळगण्याचा हक्कही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. प्रशिक्षणाची अट मात्र राज्यागणिक बदलते. टेक्सासमध्ये सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवायच हँडगन बाळगता येते, तर इलिनॉयमध्ये लपवून बाळगण्याच्या परवान्यासाठी १६ तासांचे प्रशिक्षण लागते. न्यूयॉर्कमध्ये १६ तासांच्या वर्गासोबत दोन तास प्रत्यक्ष गोळीबाराचे प्रशिक्षण घ्यावे लागते. ह्यूस्टन किंवा शिकागोत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला त्यामुळे एका राज्याचा अनुभव दुसरीकडे कामी येईलच असे नाही. न बदलणारी गोष्ट एकच : मुलांचे मित्र खेळायला येतात त्या घरात शस्त्र कुलपात आहे का, हा प्रश्न तेथील पालक आता मोकळेपणाने विचारू लागले आहेत.

मग शस्त्र घ्यावे की नाही?

ज्यांच्या जिवाला खरा धोका आहे, त्यांना कायदा शस्त्र नाकारत नाही. दूरच्या वस्तीवर राहणारा शेतकरी, रोकड नेणारा व्यापारी, धमक्या आलेला साक्षीदार यांची गरज खोटी नसते. पण शस्त्रासोबत काही रोजची कामे घरात येतात. रोज रात्री कुलूप तपासणे, आठवड्याला तीस मिनिटे कोरडा सराव, वर्षातून काही वेळा रेंज, पावसाळ्यात सफाई आणि रागाच्या भरात त्या कपाटाकडे न जाण्याचा निग्रह. हे जमणार नसेल तर चांगला दरवाजा, दिवे, कॅमेरा आणि शेजाऱ्यांशी संपर्क हे संरक्षण अधिक भरवशाचे. परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. हाताची शिस्त मात्र शस्त्राला हात लावण्याच्या प्रत्येक वेळी नव्याने पाळावी लागते, आणि बहुतेक अपघात ती एकदाच विसरल्याने होतात.